साळूबाईचं कपाळ

६ फेब्रुवारी १९४४, सांगली

टांगली एकदाची! अकरा चित्रं. दादासोंचं खाली आरसे-चौकटींचं दुकान, वरच्या माडीवर ते आम्हा नव्या चित्रकारांची चित्रं विकायला लावतात. दिवसभरात सतरा माणसं. त्यातली निम्मी आरसे घ्यायला आलेली. एकानं विचारलं, देवांच्या तसबिरी कुठं आहेत?

बाबांना शब्द दिलाय — या खेपेला एकही चित्र गेलं नाही, तर मिरजेला दुकानांच्या पाट्या रंगवायला बसेन.

८ फेब्रुवारी

मंगळवार. दुपारी माडी फक्त बायकांसाठी, आम्ही पुरुष बाहेर. दादासोंच्या मंडळी, म्हणजे वहिनी, वर बसल्या होत्या. मी समोर चहाचे तीन कप रिचवले.

परत येतो तो 'गुऱ्हाळावर'च्या चौकटीला लाल कागद — विकलं! माधवनगरच्या गिरणीवाल्यांकडच्या चंद्राबाईंनी घेतलं. प्रदर्शन संपलं की नेणार. वहिनी म्हणाल्या, चंद्राबाई बाकीच्या चित्रांकडं बघायलाच तयार नव्हत्या.

कुंडलला मामाच्या गुऱ्हाळावर काढलेलं. शेजारची साळूबाई रस उकळणाऱ्या काहिलीपाशी उभी, खदखदून हसतेय, जाळाचा उजेड सगळा कपाळावर. ते कपाळ जमायला चार दिवस लागले मला.

९ फेब्रुवारी

बाबांना पत्र टाकलं. दोनच ओळी. ऐटीत!

१२ फेब्रुवारी

साळूबाई आली. तिचे सासरे आकारामतात्या बाजाराला आले होते, त्यांच्यासोबत. मी मोठ्या तोऱ्यात दोघांना चित्रापुढं नेलं. तिचं तोंड उतरलं. तात्यांनी तर पाठच फिरवली.

मग ती म्हणाली, "माझा धनी बर्म्यात लढतोय. चार म्हैनं कागद न्हाई. आन तुमी माझं कपाळ असं मोकळं टांगलंय व्हय?"

मेलो! काहिलीच्या धगीला घाम आला, तिनं पदरानं तोंड पुसलं, कुंकू गेलं. मी दिसलं तसं काढलं. याच मुलखात वाढलो मी, तरी डोक्यात आलं नाही! वर मीच चिडलो. लाल ठिपका आला की जाळाचा उजेड मरेल, म्हणालो. आणखीही काहीबाही बोललो. लाज वाटते आता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग मी हितंच बसते.

बसली. दिवस कलेपर्यंत भिंतीला टेकून. शेवटी उद्या कुंकू लावतो म्हणून कबूल झालो, तेव्हा तात्यांनी गाडी जुंपली.

१३ फेब्रुवारी

लावलं. दादासो कडाडले — विकलेल्या चित्राला हात लावायचा नसतो, बाई आता घेणार नाहीत, गावात माझं नाव जाईल. खरं आहे त्यांचं. पण साळूबाईनं नवऱ्याचं पत्र येईपर्यंत रोज त्या कपाळाचा धसका घ्यायचा का?

उजेड मेला नाही. थोडा मेला.

२० फेब्रुवारी

उद्या संपतंय. दुसरं एकही गेलं नाही.

२१ फेब्रुवारी

चंद्राबाई आल्या. पहिल्यांदाच पाहिलं मी त्यांना. तिशीच्या आतल्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं.

चित्रापुढं खूप वेळ उभ्या होत्या. मी घडलं ते सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझ्यासारखी एक बाई एवढी हसतेय, असं वाटलं. म्हणून घेतलं होतं."

मग म्हणाल्या, तिचं कुंकू राहू दे, पुसू नका. तिचा धनी सुखरूप येवो. पण हे चित्र मी नेत नाही.

अर्धा जिना उतरून थांबल्या. वर न बघताच विचारलं, "मला बसवाल का चित्राला? हसायला जमतंय का, बघते."