खडा बी तांदळातच असतो

आबा, तुमी मला अर्धंच सांगितलंत, आन ते अर्धं घेऊन मी इतकी वर्षं मिरवत बसले. धरणावरच्या सायबाच्या बंगल्यात तुमी सैपाकी, आन मी भांडी घासायला. एक दिस मडमबाई माज्याकडं बघून सायबाला कायतरी विंग्रजी बोलल्या. तुमी चुलीपासनं म्हनलात, "ऐकलंस का गं? पोरगी आपल्यातलीच हाय म्हनत्यात." मी हरखले. त्याच दुपारी मी त्यांच्या कपात च्या वतून घेतीया, तर तुमी वरडताय, "ठेव ती कपबशी! तुजी जर्मनची वाटी भायेर हाय." मग आपल्यातली कशी, म्हनून इचारलं, तर म्हनलात, "गिळ गप."

आता तुमच्या नातीवर आलंय. पुण्याच्या डॉक्टरीणबाई तिला घरकामाला न्यायचं म्हनत्यात, शाळंत बी घालत्यात. हितं वसरीवर बसून नवऱ्याशी विंग्रजीत बोलल्या. पोरगी पौडच्या शाळंत शिकतीया, तिनं नेमकं ऐकलं. "आई, अमंग अस म्हनल्या. म्हंजे आपल्यात ऱ्हाईल." मी म्हनलं, मग चांगलंच की! तर म्हनती, "तसं न्हवं गं. त्यांच्यातली असती तर वन ऑफ अस. अमंग म्हंजे नुसती मधी. दोघांच्या मधी बिट्वीन, लई जनांच्या मधी अमंग." डोकं फिरलं माजं. आपलं एका 'त'वर भागतंय, भाकरी टोपल्यात आन मानूस मानसांत. ह्यास्नी नुसतं मधी बसायला बी दोन दोन शब्द! म्हनलं, एवढ्याशा शब्दानं काय बिघडतंय? पोरगी तांदूळ निवडत व्हती. एक खडा उचलून माज्याम्होरं धरला. "ह्यो बी तांदळातच व्हता की."

मडमबाई काय बोलल्या व्हत्या, आबा? अमंग का ऑफ? तुमास्नी तरी कळलं व्हतं, का मी हरखावं म्हून मनचंच सांगितलंत? मला ते विंग्रजी आठवत न्हाई, तुमचं हसनं तेवढं आठवतंय. डॉक्टरीणबाई वाईट न्हाईत. पोरीला जायचंय बी. हितं ठिवून मी तिला काय देनार, गवताचा भारा? पन तिची बी वाटी भायेर ठिवली तर?

ह्यो कागद कुटं टाकू? तुमी गेलात तितं टपाल जात न्हाई. पोरीला वाचून दावला असता, पन मग तिला कळंल, त्या वाटीतनं मी रोज हरखूनच च्या पीत व्हते. शनवारी त्यांची मोटार येनार. शुक्रवारपत्तूर सांगा. सपनात या, न्हाईतर कसंबी या, पन मडमबाईंचा तोच शब्द सांगा. आन ह्या बारीला विंग्रजीत सांगा, मराठीत नगं.