तीर्थ म्हणून घेतलेला घोट

प्रिय दादा,

तू गेल्याला सहा वर्षं झाली, तुला एक ओळही लिहिली नाही. आज लिहितोय, कारण मला भीती वाटतेय आणि ती दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही तिघं जपानला जाऊन आलो. तिथे एका व्यापाऱ्याचं जुनं घर जसंच्या तसं जपलंय. पुढे दुकान, मागे साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवायचा कारखाना. माणसापेक्षा उंच लाकडी पिंपं, आणि त्यांच्या वर चक्क देव्हारा! मी आपसूक हात जोडले.

देव्हाऱ्याखाली एक आजोबा सगळ्यांना थोडं थोडं काहीतरी देत होते. मी उजव्या हाताचा तळवा पुढे केला, प्यायलो, ओला हात डोक्यावरून फिरवला. तीर्थ समजून! वृषाली हसून हसून बेजार. "अरे, दारू होती ती!" आणि आमची रेवा म्हणते, "बाबा, कॅन आय हॅव सम टू?"

सगळे हसले. मला मात्र घाम फुटला. तुझ्या चितेसमोर शपथ घेतली होती मी, थेंबाला शिवणार नाही म्हणून. चुकून मोडली, तेही एक वेळ चालेल. पण दादा, गोड लागलं रे ते. छातीत ऊब उतरली, ऑफिस डोक्यातून गेलं. जबल अली बंदरातल्या गोदामातून काम संपवून सुटल्यावर तुलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं का? मला का नाही सांगितलंस? एकाच शहरात तर होतो ना आपण!

येताना विमानतळावर मी बाटली घेतली. वृषालीने विचारलं, "ही कशाला?"

"मॅनेजरला गिफ्ट."

किती पटकन सुचलं! तुझ्या खोलीतली बाटलीही नेहमी कुणा मित्राची असायची. "उद्यापासून खलास," म्हणायचास, आणि मी मान डोलवायचो. तेव्हा भांडायला हवं होतं तुझ्याशी.

बाटली बुटांच्या कपाटात आहे. सील फोडलेलं नाही. पण हे लिहिताना दोनदा उठून बघून आलो. घरात मी एकटाच आहे.

तू हार्ट अटॅकने गेलास, असंच वृषालीला सांगत आलो. तुझी अब्रू झाकतोय असं वाटायचं. झाकत होतो माझीच. ती चारला रेवाला घेऊन येईल. आल्याबरोबर बाटली तिच्या हातात देईन, आणि तू कशाने गेलास तेही सांगेन. वचन देतो. रागावू नकोस.

चार वाजायला अजून पाऊण तास आहे. तेवढा वेळ माझ्याजवळ बस.

तुझा धाकटा,
संजू