बाबांच्या सभेला क्लॅरिनेट

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. पायाचं प्लॅस्टर अजून पंधरा दिवस राहणार असं कळलं. जिने धावत उतरायची तुझी खोड शाळेपासूनची, त्यामुळे माझी सहानुभूती बेताचीच. बाबांना निरोप द्यायला तू नव्हतास, हे मात्र मनाला लावून घेऊ नकोस. ते झोपेतच गेले. मी शेजारच्या खोलीत असून मलाही काही बोलता आलं नाही.

सतरा तारखेला, रविवारी, वाचनालयाच्या दालनात त्यांच्या आठवणीची सभा ठेवली आहे. आणि आता नीट बसून वाच: तिथे मी क्लॅरिनेटवाला बोलावणार आहे. गेल्या वर्षी बाबांनी या माणसाची वरची कवळी केली. दात गेले तसं त्याचं वाजवणंही गेलं होतं, बँडने काढून टाकलं होतं. बाबांनी तीन कवळ्या बाद केल्या. दर वेळी त्याला दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसवून वाजवायला लावायचे, डोळे मिटून ऐकायचे, आणि कवळी परत घेऊन घासायला बसायचे. चौथीला सूर लागला. त्या संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, की माझ्या वेळी भाषणं कमी करा आणि याला वाजवू द्या. मी त्यांना अभद्र बोलू नका म्हणून गप्प केलं होतं.

तुझं काय म्हणणं ते कळव. लोभ आहेच, पाय बरा होईपर्यंत थोडा वाढीव समज.
तुझी ताई

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र वाचून डोकंच फिरलं. लोक काय लग्नाला येणार आहेत? आत्या दारातूनच परत फिरेल. त्यातून त्या माणसाने सहा वर्षांत चारचौघांत वाजवलेलं नाही. ऐन वेळी कवळी सटकली तर बाबांचं हसं होईल. ज्या दातांच्या डॉक्टरांसाठी बाबा कवळ्या करत, त्यांच्या दवाखान्याच्या पाटीवर बाबांचं नाव कधी आलं नाही. पस्तीस वर्षं मागच्या खोलीत, साच्यांच्या प्लॅस्टरच्या धुळीत गेली. मी शाळेत ‘बाबा दातांचे डॉक्टर आहेत’ म्हणून सांगायचो, हे तुला ठाऊक नसेल. डॉक्टरांना अध्यक्ष कर, चार मोठी माणसं बोलू देत. एकदा तरी त्यांचं नीट होऊ दे.

राग मानू नकोस. मानलास तरी पत्र थांबवू नकोस.
तुझा धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. मला ठाऊक होतं, आणि बाबांनाही. तुझ्या मुख्याध्यापकांनी डॉक्टर डॉक्टर म्हणत भर रस्त्यात त्यांना तोंड उघडून दाढ दाखवली होती! घरी येऊन पोट धरधरून हसले होते.

काल क्लॅरिनेटवाल्याकडे गेले. त्याने साफ नकार दिला. म्हणाला, बाबांपुढे वाजवणं वेगळं, लोकांपुढे ओठ थरथरतात. मी म्हटलं, घरचे समजून या, दोन मिनिटं वाजवा. त्यावर तो दुखावला. बोलवायचं तर वादक म्हणून बोलवा, दया म्हणून नको, असं म्हणाला. मग त्याच्याच टेबलापाशी बसून मी रीतसर पत्र लिहिलं: दिनांक, जागा, मानधन, वेळ अर्धा तास. त्याने ते दोनदा वाचलं, अर्ध्याचा पाऊण तास करून घेतला आणि सही केली. डॉक्टरांनाही अध्यक्ष केलंय. आता तुझा होकार तेवढा हवा.

रागावलेल्या भावावरही माया करणारी,
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मुख्याध्यापकांचं वाचून कान लाल झाले. इतकी वर्षं बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत! वाजू दे. आत्याला मी फोनवर सांभाळतो.

आहेस तशीच हट्टी राहा.
तुझा धाकटा

१८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. जिंकलो रे!

साठ खुर्च्या मांडल्या होत्या; शेवटी माणसं खिडक्यांना टेकून उभी राहिली. क्लॅरिनेटवाला इस्त्रीच्या काळ्या कोटात, चेहरा पांढराफटक. पहिल्या फुंकरीला नुसती हवा आली. कुणीतरी खाकरलं. त्याने पाठ वळवली, अंगठ्याने कवळी दाबून बसवली आणि पुन्हा वळून सरळ सांगितलं, की मंडळी, हे दात माझे नाहीत, ज्यांच्यासाठी आपण जमलोय त्यांनी केलेले आहेत. दात उत्तम आहेत, घाबरलोय तो मी. अख्खं दालन हसलं. त्या हसण्यातच त्याने सूर धरला, आणि मग काय सांगू तुला! भरदार, संथ, कुठे कापरा म्हणून नाही. पाऊण तासाचा सव्वा तास झाला, कुणी हललं नाही. आत्या गुडघ्यावर ताल धरून बसली होती. तू काय जादू केलीस कोण जाणे.

मग डॉक्टर उठले. भाषणाचा कागद त्यांनी खिशात घातला. म्हणाले, पस्तीस वर्षं लोक माझे आभार मानत आले, मी ते घेत आलो, ही माझी चूक. ज्यांच्या तोंडात यांच्या हातचं काम आहे त्यांनी उभं राहावं. आधी एक पोस्टमन उठला. मग गणिताच्या बाई, जरा लाजत. मग चाळीसएक माणसं! दवाखान्यातली सूचना वाचून आलेली; बहुतेकांनी बाबांना कधी पाहिलंही नव्हतं. एकमेकांकडे बघून सगळी हसायला लागली, आणि मला रडू आवरेना.

निघताना ब्याऐंशी वर्षांच्या एका शिंपीणबाईंनी क्लॅरिनेटवाल्याला गाठलं. म्हणाल्या, माझ्याही सभेला तुम्हीच हवे, फक्त तारीख आत्ता सांगता यायची नाही. त्याने गंभीरपणे खिशातून डायरी काढली, त्यांचं नाव लिहून घेतलं आणि घाई नाही ना, असं विचारलं. बाई म्हणाल्या, मुळीच नाही, तोवर रियाज चालू ठेवा.

जिना सावकाश उतर, आणि लोभ आहे तो असाच राहू दे.
तुझी ताई