पिन जोडलेलं चांदीचं नाणं

खर्च करताच येत नाही अशा नाण्याची खरी किंमत किती? घरातली पहिली पदवी माझी, तीही अर्थशास्त्राची. तरी याचं उत्तर मला देता येत नाही.

मी, एल्विटा ग्रिनवाल्डे, राहणार कुल्दिगा, मंगळवारी रिगाच्या इस्पितळात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे म्हणून हे मृत्युपत्र लिहीत आहे. हृदय नादुरुस्त असलं तरी डोकं ठिकाणावर आहे आणि मला कोणी भाग पाडलेलं नाही.

१. बँकेतील शिल्लक धाकटा भाऊ राइतिस याच्या शिक्षणासाठी. मोटरसायकल हे शिक्षण नव्हे.

२. हिवाळी कोट वेल्टामावशीला. माझ्या अंगावर तिला तो कधी आवडला नाही. स्वतःच्या अंगावर आवडेल.

३. लॅट या आमच्या जुन्या चलनाच्या स्मरणार्थ निघालेली चांदीची नाणी मी पगारातून जमवली. ती डबीबंद अवस्थेतच गावच्या संग्रहालयाला द्यावीत.

त्यातलं एक मी आईला नामदिनाला, म्हणजे कॅलेंडरातल्या तिच्या नावाच्या दिवशी, दिलं होतं. त्यावर जुन्या पाच लॅटवरच्या मुलीचा चेहरा आहे. परकी राजवट असताना बायका ते जुनं नाणं गमावलेल्या देशाची खूण म्हणून ब्रोच करून लावत, आजीही लावायची. म्हणून बाबांनी डबी फोडली, नाण्यामागे डाख देऊन पिन जोडली, ते घासून लखलखीत केलं आणि आईच्या पोशाखावर लावलं.

मी पाहुण्यांदेखत ओरडले, "बाबा, काय केलंत हे! घासलेल्या नाण्याला आता कोणता संग्राहक विचारणार? तुम्हाला यातलं काय कळतं?"

"अगं, नाणं आहे ते. बरणीत ठेवायला मुरांबा आहे का?" बाबा हसत म्हणाले. कोणीच हसलं नाही, तेव्हा तेही थांबले. आईने ब्रोच काढून खिशात टाकला.

"शिकवा अजून पोरींना!" वेल्टामावशी म्हणाली.

तेव्हापासून बाबांनी डाखकामाला हात लावला नाही. शेजारी गळकी किटली घेऊन आले, तरी म्हणतात, "मला यातलं कळत नाही." मी माफी मागितली. "जाऊ दे गं," म्हणाले, पण अवजारांवरचं फडकं काढलं नाही. मी परत आले नाही, तर माझं तेवढंच वाक्य त्यांच्यापाशी उरेल. शस्त्रक्रियेपेक्षा मला त्याची भीती वाटते.

४. कलम तीन रद्द. ते लिहून झाल्यावर काल मी सगळ्या डब्या उघडून बाबांच्या टेबलावर ठेवल्या आणि पहिली पिन स्वतःच जोडायला घेतली. नाणं काळं पडलं, पिन निसटली. बाबांनी अवजारांवरचं फडकं काढलं.

"सरका, पदवीधर बाई," ते म्हणाले. "आधी साफ करायचं असतं. धर, हलवू नकोस."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी सगळ्या नाण्यांना पिना जोडल्या. सबब, वाटून देण्यासारखा नाण्यांचा संग्रह माझ्याकडे उरलेला नाही.

सही: एल्विटा ग्रिनवाल्डे
साक्षीदार: आइया लापिन्या, मोद्रिस झेल्टिन्श
कुल्दिगा, ९ मार्च २०१९