बहिऱ्यांना हाक

३ नोव्हेंबर
बिशप चावला! अंगठ्यातून रक्त. चूक माझीच. झोपलेल्याला तसंच उचललं. आधी नाकापुढे हात धरायचा, वास पोचू द्यायचा, मग हात लावायचा — सेपने शंभरदा सांगितलं होतं. ऐकूच येत नाही, तर अंगावर एकदम हात पडल्यावर ते जनावर चावेल नाहीतर काय करेल?
सेपला, माझ्या नवऱ्याला, जाऊन सहा आठवडे झाले. त्याची दोन फेरेट, मुंगसासारखी लांबट पाळीव जनावरं, माझ्या गळ्यात. बिशप आणि डॉली. दोघांचीही डोकी पांढरीशुभ्र, दोघंही ठार बहिरी. पांढऱ्या डोक्याची बहुतेक तशीच निघतात. सशांच्या शिकारीला कुणी नेईना, म्हणून फुकट मिळाली. "घरात एक बहिरी आहेच, आणखी दोन आली तर काय बिघडलं?" — इति सेप. माझ्या कानातल्या यंत्रांकडे बघत.

५ नोव्हेंबर
मागच्या न्हाणीघराचं दार बंद ठेवते. तरी दोघं रोज दुपारी तिथेच. फटीला नाक लावून बसतात. तिथेच सेप पडला होता. जमीन मी तीनदा ब्लीचने पुसली आहे. त्यांना अजून कसला वास येतो?

६ नोव्हेंबर
लिनेटचा लीड्सहून फोन. "आई, ती जनावरं देऊन टाक. डार्लिंग्टनला एक माणूस आहे, सांभाळतो असली. शनिवारी येईल." बरं म्हटलं.
मग म्हणाली, "तू त्या दिवशी बाजारात होतीस, त्यात तुझा काय दोष?"
त्या दिवशी गुरुवार. मी बाजारात होते. परत आले तेव्हा सगळं संपलं होतं.

८ नोव्हेंबर
डार्लिंग्टनचा माणूस आला, पिंजरा घेऊन. भला वाटला. डॉलीला त्याने बरोबर उचललं, आधी हात हुंगवून. पण बिशप गायब! सोफ्याखाली नाही, कपाटात नाही, सेपच्या बुटांतही नाही. नावाने हाका मारून काय उपयोग?
"तुमचे मिस्टर कसं बोलवायचे?" त्याने विचारलं.
मी सांगितलं. लाकडी जमिनीवर टाच आपटायची. दोनदा, थांबून दोनदा. त्यांच्या पायांना कळतं. कुठूनही धावत येतात, कारण मग अंड्याचा बलक मिळतो.
"मग आपटा की!"
मला होईना. सेप गेल्यापासून या घरात कुणी टाच आपटलेली नाही. तो माणूस बघत होता. शेवटी आपटली. दोनदा. परत दोनदा. बिशप नाही. मग जोरात, आणखी जोरात. कितीदा ते आठवत नाही.
आणि मागचं दार धाडकन उघडलं. शेजारची एनिड! पायात एक चप्पल, पीठ लागलेले हात, चेहरा पांढराफटक. "हिल्डा! पडलीस का गं? हिल्डा!"
मी उभीच होते. ते बघून ती खुर्चीत कोसळली आणि ढसाढसा रडायला लागली. बहात्तर वर्षांची बाई, आमची भिंत चाळीस वर्षं एक, आणि मी तिला रडताना पाहिलेलं नाही. नवरा गेला तेव्हासुद्धा नाही.
"त्या दिवशीही असंच वाजत होतं. बराच वेळ. मला वाटलं, सेप त्याच्या या फेरेट पोरांना बोलावतोय. मी अॅपल पाय करत होते गं. पाय! हात धुऊन यावं एवढंही सुचलं नाही मला."
माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबली असावी. मी चहा टाकला.
बिशप तेवढ्यात आला, जळमटं अंगावर घेऊन. पिंजरेवाल्याला मी रिकाम्या हाताने परत पाठवलं. का, ते सांगता येणार नाही.

९ नोव्हेंबर
बराच वेळ. बराच वेळ म्हणजे किती?
डॉक्टर म्हणाले होते, दोन मिनिटंही लागली नसतील, त्याला काही कळलंही नसेल.

१२ नोव्हेंबर
एनिड चर्चला आली नाही. बिंगोला नाही. तिचे पडदे बंद. दाराशी सूप ठेवून आले, ते तसंच.
डॉली झोपेत किंचाळते. किती मोठ्यांदा किंचाळतो आपण, ते तिला कळत नाही. यंत्रं काढली तरी ते मला ऐकू येतं. की तसं वाटतं?

१४ नोव्हेंबर
एनिडला गाठलंच. केस विंचरलेले नाहीत, गाऊनवरच. मी म्हणाले, "अगं, तुला कसं कळणार होतं?"
"तू बाजारात. दुसरं होतंच कोण?" ती म्हणाली. "मीच की."
मी तिचा हात थोपटला. थोपटला! आणि घरी येऊन जेवले.

१५ नोव्हेंबर
काही नाही. पाऊस. दोघं दाराशीच.

१७ नोव्हेंबर
या पानाशी तरी खोटं का बोलावं? कोण वाचणार आहे?
मी बाजारात गेले नव्हते.
सकाळपासून सेपच्या छातीत दुखत होतं. डॉक्टरकडे चल म्हटलं. तो म्हणाला, अपचन आहे, पोरांना शेतावर नेऊन आणतो. मी ओरडले. तोही ओरडला. मग मी त्याच्या डोळ्यांसमोर कानातली यंत्रं काढली, टेबलावर ठेवली. "आता बोल भिंतीशी!" आणि वर जाऊन पलंगावर पडले.
मला ऐकू येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने तोंडाने हाक मारलीच नसेल. बहिऱ्यांना बोलावतात तसं बोलावलं.
पलंगाच्या पायांतून ते माझ्या अंगात येत होतं. दोनदा, थांबून दोनदा. मला कळत होतं. फेरेटना बोलावतोय, असं नाही वाटलं मला. वाटलं, मनधरणी करतोय. करू दे अजून थोडी, म्हटलं.
मग थांबलं. मी जिंकले असं वाटून जरा डोळाही लागला.
दोनला खाली आले. दोन्ही फेरेट त्याच्या छातीवर. फोन करण्याआधी मी कोट चढवला. पिशवी हातात घेतली. अॅम्ब्युलन्सवाला आला तेव्हा म्हणाले, आत्ताच बाजारातून आले.

१८ नोव्हेंबर
एनिडच्या दारापर्यंत गेले. परत आले.

१९ नोव्हेंबर
परत गेले. स्वयंपाकघरात उभ्यानेच सांगितलं सगळं, एका दमात. यंत्रं, पलंग, कोट, पिशवी.
एनिडने खुर्ची पुढे सरकवली. म्हणाली, "मला ठाऊक होतं गं. जिन्यावरून तू वर गेलीस, ते ऐकलं होतं मी. तू घरात आहेस, तू बघशील, म्हणूनच तर आले नाही."