फॉन्ट सोडून सगळं

७ मार्च १९९९, रविवार
लिनक्सवर मराठी टाइप करायचं पॅकेज तयार. एकही एरर येत नाही, असं जगनने स्वतः बघून सांगितलं. जगन आमच्या विहाराच्या जयंती स्मरणिकेचा संपादक. स्मरणिका आता लिनक्सवर निघणार आणि ठाणे-कल्याणच्या तमाम लिनक्सवाल्यांची मराठीची सोय होणार. सध्या आम्ही दोघं. कल्याणवाल्याचं मशीन बंद आहे.
पॅकेजमध्ये फॉन्ट नाही. फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय, दुसऱ्याला वाटायचा नाही. म्हणून फॉन्ट सोडून सगळं. ज्याने विकत घेतलाय त्याने आपली फ्लॉपी घालायची, पुढचं पॅकेज बघतं.
जगनने विचारलं, तुझी फ्लॉपी कुठाय? तो पुढचा टप्पा.

१२ मार्च
कोपरीला देवरामच्या प्रेसवर गेलेलो. त्याच्याकडे फॉन्ट आहे, रीतसर. म्हणाला, ने रे कॉपी करून, कोण बघतंय. नकार दिला. मग म्हणाला, इथे माझ्या मशीनवर बसून टाइप कर, ते तर चालतं ना तुझ्या कायद्यात? चालतं. पण विंडोजवर बाबांचं पान? तोही नकार. चहा घेतला.
बाबांचं पान म्हणजे पान २३. विहाराची लायब्ररी त्यांनी उभी केली. जानेवारीत गेले. त्यांच्यावरचा लेख माझ्याकडे आहे. डोक्यात तयार आहे, फक्त उमटवायचा.

२० मार्च
कंपनीला परवानगीसाठी पत्र टाकलं. आठवड्यात उत्तर येईल.
आईने परत विचारलं, ह्यांचं नाव येईल ना रे पुस्तकात? सांगितलं, सिस्टिम रेडी आहे.

२ एप्रिल
उत्तर नाही. ट्रायल प्रिंट काढली. अक्षरांच्या जागी चौकोन. ओळी मात्र एकदम सरळ, म्हणजे लेआउट बरोबर आहे. कांता म्हणाली, अहो, ही स्मरणिका आहे की बिल्डिंगच्या खिडक्या? बायकोला टेक्निकल गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.
व्हर्जन १.१ काढलं. आता फ्लॉपी नसेल तर मशीन नम्रपणे मागते.

९ एप्रिल, सकाळ
जगन येऊन टाइप करायला दिलेले सगळ्यांचे लेख परत घेऊन गेला. आवाज चढवला नाही. कांताचं अक्षर चांगलं, ती हाताने लिहिणार, मग झेरॉक्स. तात्पुरती सोय म्हणून मी हरकत घेतली नाही.
माझा लेख मागत होता. म्हटलं, फॉन्ट आला की थेट टाइप करतो.

१३ एप्रिल, दुपारी ४
पान २३ सोडून सगळं झालं.
कांता कागद टेबलावर ठेवून विहारात गेली. वर तिच्या अक्षरात बाबांचं नाव आणि दोन तारखा. खाली कोरं. नाही जमलं तर असंच देऊ म्हणाली.
कॉम्प्युटर बंद केला. बॉलपेन घेतला. लायब्ररी आठवते, कपाटं आठवतात, उद्घाटनाला कोण कोण आलेले तेही आठवतं. बाबांचं काही लिहायला घेतलं की पुढे सरकत नाही.
आई समोर बसलीय. आता विचारत नाही.
सहाला जगन पान न्यायला येणार.