दगडाचं बारसं

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
हुपरी, जि. कोल्हापूर
६ जानेवारी २०२५

चि. शांभवीस रुद्राप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. सात वर्षांपूर्वी नैनितालच्या दुर्बिणीतून तू एक लघुग्रह शोधलास, आता त्याला नंबर मिळाला आणि नाव तू सुचवायचंस, एवढं मला कळलं होतं. म्हणून गावभर सांगून बसलो की आपल्या ‘रुद्राप्पा पैंजण’चं नाव आभाळात जाणार. पिशव्यासुद्धा छापल्या. आता तू म्हणतेस, दुकानाचं नाव चालत नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं?

त्यात अक्काचा ताप. थोरली बहीण म्हणून गप्प बसतो. नाव ठेवायचा मान आत्याचा, हे तिचं टुमणं. रविवारी पंधरा बायका बोलावल्या, पाळणा बांधला, त्यात तुझ्या लघुग्रहाच्या जागी नदीतला एक गोटा कुंची घालून निजवला आणि त्याच्या कानात नाव सांगितलं. गोट्याला कान कुठला, ते तिलाच ठाऊक. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत बुक्क्या घातल्या, घुगऱ्या खाल्ल्या आणि गेल्या. नाव काय ठेवलं विचारलं, तर म्हणाली की ज्याला कळायचं त्याला कळलंय, तुला काय करायचं हाय.

तूच काय ते बघ. मी थकलो.

तुझा,
आप्पा


नैनिताल
१६ जानेवारी २०२५

ती. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

पिशव्या छापण्याआधी एक फोन केला असतात तर? नाव सोळा अक्षरांच्या आत, शक्यतो एका शब्दाचं, आणि लघुग्रहांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने मान्य केलेलं लागतं. अक्कालाही सांगा, समितीच्या आधी बारसं उरकता येत नाही.

सात वर्षं का लागली, हे तुम्ही दर दिवाळीला विचारता. मंगळ आणि गुरूच्या मधून तो फिरतो, एका फेऱ्याला सव्वाचार वर्षं. साधारण सोळा महिन्यांनी आपल्यासमोर येतो. असा पाच वेळा पकडला, तेव्हा वाट पक्की झाली.

आणि सापडला कसा? एकाच जागेचे चार फोटो, हजारो ठिपके, त्यातला एकच सरकलेला. मला तो दिसला, कारण लहानपणी अक्काशेजारी बसून पैंजणातली एक न जुळलेली कडी हुडकायला शिकले होते. म्हणून नाव तिचंच द्यायचं आहे. पण अक्का म्हणजे नुसती थोरली बहीण, आणि आधारकार्डावरचं पार्वती हे सासरी बदललेलं. तिथे ती जेमतेम तीन वर्षं होती. तिचं माहेरचं नाव कळवा, महिनाअखेर पाठवायचं आहे. सख्ख्या बहिणीचं नाव आहे, दुर्बीण लागू नये.

रागावलात तरी लोभ कमी करू नये.

आपली,
शांभवी


हुपरी
२६ जानेवारी २०२५

चि. शांभवीस आशीर्वाद.

मला माहीत नव्हतं. ती लग्न होऊन गेली तेव्हा मी पाच वर्षांचा, नवरा वारल्यावर परत आली ती सगळ्यांची अक्का होऊनच. जन्मभर तिच्या हातचं खातोय आणि नाव ठाऊक नाही. लाज वाटली, आणि राग तुझ्यावर आला. तिला विचारलं, तर म्हणाली की एवढी वर्षं अडलं न्हाय, आत्ताच काय अडलंय.

शेवटी शाळेत गेलो. जुन्या रजिस्टरांची तीन तास धूळ खाल्ली. वडिलांच्या नावावरून सापडलं. नीलांबिका. चौथीत पहिली, शाळा सोडण्याचं कारण घरकाम.

घरी आलो तर ती दारात पैंजण तपासत बसलेली. मी मागून त्या नावाने हाक मारली. तिने मान वर न करता ओ दिली. मग हातातलं खाली ठेवलं आणि मला झाडलं, की त्या नावानं मला हाक मारायची न्हाय, ते मी गोट्याला दिलंय.

तेव्हा तेच पाठव. अक्षरं सोळाच्या आत बसतात, मी मोजली.

तुझा,
आप्पा

ता. क. आज सकाळी चहा मागताना तेच नाव तोंडात आलं. गिळलं, आणि अक्का म्हणालो.